खारंच येतंय अजून

मोरी तुंबली की माणसं नाकाला रुमाल लावून लांब पळतात. आमच्या सोसायटीतल्या चीफना मात्र तुंबलेल्या मोरीचं बोलावणं आलं की हुरूप यायचा. जुना खाकी शर्ट, गुडघ्यापर्यंतची चड्डी, खिशात बॅटरी, हातात वाकवलेली तार आणि चेहऱ्यावर पंगतीला निघालेल्या माणसाचं समाधान. चेंबरचं झाकण बाजूला करून ते उकिडवे बसायचे आणि आत डोकावून विचारायचे, "बोल बाबा, काय खाल्लंस?" मी सोसायटीची सेक्रेटरी. त्यामुळे हा संवाद ऐकत शेजारी उभं राहणं माझ्या नशिबी असे.

चीफ म्हणजे मालवाहू जहाजावरचे चीफ इंजिनियर. निवृत्त होऊन ते माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये कायमचे राहायला आले, तेव्हा सगळ्या बिल्डिंगने त्यांना 'कॅप्टन' म्हणायला सुरुवात केली. त्यांना ते अजिबात खपलं नाही. "कॅप्टन वर असतो. त्याला समुद्र दिसतो. आम्ही खाली यंत्रांच्या गोंगाटात. मी जन्मभर समुद्र नुसता ऐकलाय," ते म्हणाले. मी शाळेत भूगोल शिकवण्यात हयात घालवलेली. समुद्र म्हणजे नकाशात निळा रंग भरायची जागा, एवढाच माझा त्याच्याशी संबंध. "म्हणजे आपण दोघांनीही पाहिलेला नाही," मी म्हटलं. हे त्यांना आवडलं असावं. त्या दिवसापासून मी त्यांची 'बाई' झाले आणि ते सगळ्यांचे चीफ.

त्यांचं एक वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं. "तक्रार नळाची असते, दोष मोरीत असतो." काहीही बिघडलं की लोक वरून बघायला लागतात, चीफ खालून सुरुवात करायचे. पाणी बाहेर कुठून पडतं तिथे आधी जायचं, मग उलट्या वाटेने एकेक सांधा तपासत वर यायचं. वाटेत कुठेतरी गुन्हेगार सापडतोच, असा त्यांचा विश्वास होता, आणि सापडायचाही. मग हात धुवायच्याही आधी ते सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निकाल जाहीर करायचे.

त्या निकालात दयामाया नसे. "कारण सापडलं. तिसरा मजला, डावीकडचं घर. शिळा भात आणि बाळाचा मोजा." त्या घरातल्या वहिनी महिनाभर चीफशी बोलल्या नाहीत. मी म्हटलं, "अहो, जरा मोघम लिहावं." तर म्हणाले, "मोघम लिहिलं की पुढच्या महिन्यात पुन्हा तुंबतं, बाई. दोष झाकला की वाढतो." बरोबरच होतं त्यांचं. बरोबर असणाऱ्या माणसांचा जो राग येतो, तो मला त्यांचा नेहमी यायचा.

शैला त्यांची बायको आणि माझी मैत्रीण. चीफ जहाजावर असताना इतकी वर्षं तिने पुण्यात एकटीने घर चालवलं. अंथरुणाला खिळलेली सासू, एक मुलगी आणि लिफ्ट नसलेली बिल्डिंग. त्या जिन्यांनी तिचे गुडघे खाल्ले. स्वभाव मात्र खाल्ला नाही. "हे सुट्टीवर आले की मी चांगली चादर काढायचे. पाहुण्यांचं करावं लागतं बाई," असं ती चीफसमोरच सांगायची आणि चीफ ओशाळं हसायचे.

तिच्या त्या गुडघ्यांसाठी चीफ प्रत्येक सुट्टीला कुठल्या तरी बंदरातून गोळ्यांची भली मोठी बाटली आणायचे. "तिकडचं औषध आहे, पोटाला लागत नाही." निवृत्तीनंतर ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पाकिटं आणायला लागले. रात्रीचं जेवण झालं की एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या तळहातावर गोळी, आणि ती गिळेपर्यंत समोर उभे. दुखणं जास्त असलं तर सकाळीही तेच. "आमच्या संसारात यांनी नियमाने दिलेली ही एकच गोष्ट," म्हणत शैला ती गोळी घ्यायची. मला तेव्हा तिचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोला. माझ्या ह्यांनी मला कधी पाण्याचा पेला हातात आणून दिल्याचं स्मरत नाही.

दुसरी गोष्ट देण्याचं त्यांनी फक्त कबूल केलं होतं. निवृत्त झालो की तुला माझ्या स्वतःच्या शिडाच्या बोटीतून नेईन, कोकण किनाऱ्याने खाली आणि मग लक्षद्वीपला. शैला ते कधी मनावर घेत नसे. पण एक दिवस खरोखरच एका ट्रेलरवर बसून बोट आमच्या पार्किंगमध्ये आली. कोकणातल्या कुठल्याशा खाडीत कुजत पडलेली, रंग उडालेली, डोलकाठी नसलेली. चीफच्या गाडीच्या जागेवर ती मावली नाहीच, दोन स्कूटरच्या जागाही तिने घेतल्या. मी रीतसर पाटी लावली, "येथे बोट लावू नये." पुण्यात पाट्यांना तोटा नाही, पण ही पाटी शहरात एकच असेल. चीफनी ती लक्षपूर्वक वाचली, तिचा सैल झालेला खिळा नीट ठोकून दिला आणि बोट तिथेच ठेवली.

बोटीचं सगळं हळूहळू मार्गी लागलं. आधी अर्थातच मोऱ्या. तिथल्या इवल्याशा बेसिनचं आणि न्हाणीचं पाणी समुद्रात जायला हवं, पण समुद्र त्याच वाटेने आत येता कामा नये. त्यासाठी ते आठवडाभर नळ्या कापत आणि जोडत बसले. "आत यायची वाट कोणीही करतं. जायची वाट करायला इंजिनियर लागतो," हेही त्यांचंच. ते झालं आणि ते वॉटरमेकरकडे वळले. तिथे घोडं अडलं.

वॉटरमेकर म्हणजे समुद्राचं पाणी गोडं करणारं मशीन. घरातल्या आरओचं थोरलं भावंड म्हणा. खारं पाणी जबर दाबाने एका बारीक पडद्यावर रेटायचं. गोडं पाणी पडद्यातून पलीकडे जातं, मीठ अलीकडे राहतं आणि मोरीच्या वाटेने बाहेर पडतं. लक्षद्वीपपर्यंत जायचं तर हे मशीन हवंच. पहिल्यांदा ते बरं चाललं. मग दर चाचणीला पाणी थोडं जास्त खारट लागायला लागलं. यायचं भरपूर, पण खारं.

चाचणीला समुद्र कुठून आणायचा, हा प्रश्न चीफना पडला नाही. त्यांनी पार्किंगमध्ये एक निळा ड्रम ठेवला, तो नळाच्या पाण्याने भरला आणि मंडईमागच्या दुकानातून खडेमिठाचं पोतं आणलं. मी सोबत भाजीला गेले होते. दुकानदाराने चष्म्यावरून बघत विचारलं, "एवढं लोणचं?"

"लोणचं नाही. समुद्र करायचाय," चीफ म्हणाले.

दुकानदाराच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही. "मग एका पोत्यात भागायचं नाही."

असा आमच्या पार्किंगमध्ये समुद्र झाला. मशीन चालवायचं, आलेलं पाणी जिभेवर घ्यायचं, थुंकायचं, मशीन बंद करायचं. मग मीठ आत राहून पडदा खराब होऊ नये म्हणून नळाचं स्वच्छ पाणी त्यातून फिरवायचं आणि ते आत तसंच भरून ठेवायचं. बाळंतिणीला न्हाऊ घालावं इतक्या मायेने ते हे करायचे. एकदा बाहेर जाणाऱ्या नळीचा सांधा निसटला आणि तो सगळा समुद्र सोसायटीच्या कढीपत्त्याच्या आळ्यात गेला. झाड आठवड्यात वाळलं. मी तणतणत खाली गेले. "चीफ, समुद्र तुमच्या बोटीत ठेवा, आमच्या आमटीत नको." त्यांनी आळं खणून माती बदलली, नवं रोप लावलं आणि ग्रुपवर लिहिलं, "कारण सापडलं. पार्किंग. मी." त्या माणसाचं हे असं होतं. स्वतःचा गुन्हा असला तरी एक अक्षर लपवणार नाही.

त्याच सुमारास शैलाचे पाय सुजायला लागले. जिना चढताना ती मध्येच थांबायची, अन्नाची वासना गेली होती. चीफ डोलकाठीच्या कामाला कोकणात गेले होते, म्हणून दवाखान्यात मी तिच्याबरोबर गेले. डॉक्टरांनी तपासण्यांचे कागद बघितले आणि विचारलं, "दुखण्याच्या गोळ्या घेता का?" शैलाने सांगितलं. "किती वर्षं?" तेही सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी सावकाश समजावलं. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ गेलेली होती, आणि ती त्या गोळ्यांनी गेली होती. आता डायलिसिसला पर्याय नव्हता.

परतताना रिक्षा स्वारगेटच्या सिग्नलला अडकली. मी रडत होते. शैला समोरच्या बसकडे बघत होती. मग म्हणाली, "नलू, ह्यांना सांगायचं नाही."

"काय सांगायचं नाही? डायलिसिस काय लपून राहणार आहे?"

"डायलिसिस सांगू. गोळ्यांचं नाही. बीपीने झालं म्हणायचं. डॉक्टरांनाही मी तसंच सांगून आले, तू बाहेर पैसे भरत होतीस तेव्हा."

"अगं, पण..."

"पण नाही नि बिण नाही. तू बघतेस ना त्यांना? बेसिन तुंबलं तर चार दिवस जेवण जात नाही त्यांना. हे कळलं तर काय करतील? रोज रात्री स्वतःच्या हाताने भरवल्यात त्यांनी मला त्या गोळ्या." तिने माझं मनगट धरलं. "तुला माझी शपथ आहे. माझं व्हायचं ते होईल. त्यांना हे घेऊन मागे राहायला लागू नये."

मी शपथ घेतली. तिच्या मरणापेक्षाही त्या दिवसापासून मला धास्ती बसली ती एकाच गोष्टीची. मोजा कोणाच्या बाळाचा हे हुडकून काढणारा माणूस, आणि त्याच्यापासून त्याच्याच घरातलं कारण लपवायचं होतं.

चीफ आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "कशाने?" शैला म्हणाली, "बीपी. लक्षातच आलं नाही माझ्या." त्यांनी मान डोलावली. गुडघ्याच्या गोळ्या आता चालणार नाहीत, मूत्रपिंडांना झेपत नाही, असं तिने सांगितलं तेही त्यांना पटलं. ते रात्री तिचे गुडघे तेलाने चोळून द्यायला लागले. तिला दिवसाला मोजकंच पाणी प्यायची परवानगी होती. उन्हाळ्यात तिची जीभ कोरडी पडायची, ती बर्फाचा एखादा खडा चघळत बसायची. चीफनी तिच्यासमोर पाणी पिणं सोडलं. तहान लागली की ते खाली पार्किंगमध्ये जाऊन प्यायचे. मी एकदा गॅलरीतून पाहिलं, ड्रमशेजारी उभं राहून चोरासारखं पाणी पीत होते.

वॉटरमेकरचं खूळ आता सुटेल असं मला वाटलं होतं. शैलानेच ते सुटू दिलं नाही. डायलिसिस नसेल त्या दिवशी ती संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसायची आणि वरून विचारायची, "काय हो, आलं का गोडं?"

खालून उत्तर यायचं, "खारंच येतंय अजून."

"असू दे. सावकाश बघा. घाई नाही."

तिचा कावा मला कळत होता. त्यांचं डोकं त्या मशीनमध्ये आहे तोवर ते दुसरीकडे चालणार नाही. त्यांनी पंप उघडला, पुन्हा बसवला. रबरी कड्या बदलल्या. दाबाचं मीटर बदललं. बाहेर जाणारी वाट तर इतक्या वेळा तपासली, की वॉचमनलाही तिचे सांधे पाठ झाले असतील. मशीन काही बधलं नाही. शैला मला हळूच म्हणायची, "देवा, ते बिघडलेलंच राहू दे."

डायलिसिस सेंटरमध्ये विदर्भातली एक मुलगी टेक्निशियन होती, बडबडी आणि हसरी. शैला झोपलेली, सुया लावलेल्या, आणि चीफ समोरच्या काचेपलीकडच्या पाण्याच्या प्लँटकडे टक लावून बसलेले. तिथेही तसलेच पडदे, तसल्याच नळ्या. एक दिवस मीही सोबत होते. चीफनी सहज बोलावं तसं तिला विचारलं, "तुमचे पडदे टिकतात कसे हो? माझा वर्षभरात गेला."

"तुम्ही कोणतं पाणी सोडता काकाजी?"

"नळाचं."

"अन् कोळशाची टाकी नाही लावली आधी?" ती नळी पुसता पुसता म्हणाली. "नळाच्या पाण्यात क्लोरीन राहते न. आधी कोळशातून काढून घ्यावं लागते, नाहीतर पडदा जळून जाते. धुवाल तितका जास्त जळते."

चीफ 'हां' म्हणाले. जन्मभर ज्या जहाजांवर काम केलं तिथे पाणी उकळून त्याची वाफ धरायचे, पडदा नसायचाच. आणि समुद्रात क्लोरीन घालायला कोण जातंय? पुण्यात समुद्र करायला निघालेल्या माणसालाच ही चूक करता येते. रिक्षात मी गंमत म्हणून त्यांना असं काहीतरी म्हटलंही. त्यांनी ऐकलं नाही. शैला त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती.

तिला घरी निजवून ते खाली गेले. बराच वेळ खालून काही आवाज येईना, म्हणून मी उतरले. ते बोटीला टेकवलेल्या शिडीच्या खालच्या पायरीवर बसले होते. मी उसन्या उत्साहाने म्हटलं, "चला, कारण सापडलं. टाका ग्रुपवर."

"साफ राहावा म्हणून धुवत होतो," ते म्हणाले. "दर वेळी. न चुकता. आणि त्यानेच जळत होता. मी सगळीकडे बघितलं बाई, मी काय ओततोय तेवढं सोडून."

"होतं असं. नवा पडदा मागवा."

त्यांनी वर बघितलं. "शैलाच्या गुडघ्याच्या गोळ्या. त्या नुसत्या आता चालत नाहीत, की..." आणि थांबले.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. बीपीचं, वयाचं, देवाचं, कशाचंही. एरवी माझ्या तोंडाला कोणी लागत नाही, आणि नेमकं तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. मी नुसती उभी राहिले. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्यांना वाचायचं होतं ते वाचलं.

"मोरी तुंबली म्हणून मी मोरीकडेच बघत बसलो," ते म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा होता. "वरून मीच घालत होतो."

"चीफ, तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"तिला माहीत आहे?"

"हो. पहिल्या दिवसापासून. तुम्हाला कळू नये म्हणून तिने मला शपथ घातली आहे."

वॉचमनच्या खोलीतला रेडिओ चालू होता. चीफनी हातातला पाना उगीचच पुसला, पुन्हा पुसला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मला त्या माणसाची इतकी कणव आली की त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. आमच्या पिढीत तेही जमत नाही.

मग ते उठले. "ठीक आहे. मग मला कळलेलं नाही," म्हणाले.

तेवढ्यात वर गॅलरीचं दार वाजलं. शैला उठून आली होती. कठड्याला धरून तिने विचारलं, "काय हो, आलं का गोडं?"

चीफनी मान वर केली. "खारंच येतंय अजून," म्हणाले.

नवा पडदा आला तो माझ्या पत्त्यावर आला आणि माझ्या माळ्यावर गेला. चीफ रोज खाली जात राहिले. ज्या मशीनचा दोष त्यांना पुरता ठाऊक होता ते मशीन ते रोज उघडायचे, एकेक भाग फडक्यावर मांडायचे, पुसायचे आणि पुन्हा जोडायचे. जळका पडदा आत, खारं पाणी बाहेर. येता-जाता लोक चिडवायचे, "काय चीफ, हरलात की काय?" ते म्हणायचे, "हरलो बुवा." थांबले असते तर शैलाला शंका आली असती. दोष न सापडता स्वस्थ बसलेला नवरा तिने कधी पाहिला नव्हता.

ग्रुपवरचे निकाल मात्र बंद झाले. पावसाळ्यात पुन्हा चेंबर तुंबलं, त्यांनी ते साफ केलं. मी विचारलं, "कारण?" तर म्हणाले, "होतं असं कधीकधी." तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी मला म्हणाल्या, वयाने मऊ झाले हो चीफ. मी म्हटलं, हो.

रात्री ते शैलाला आता वेगळ्या गोळ्या द्यायचे, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या. पूर्वीसारखेच समोर उभे राहून. एकदा मी होते. तळहातावर गोळी ठेवताना ती त्यांच्या बोटांतून निसटून खाली पडली. शैला हसून म्हणाली, "म्हातारे झालात." ते वाकून कॉटखाली गोळी शोधत राहिले. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

थंडी संपता संपता शैलाला दम लागायला लागला. हृदय थकलं होतं. हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा ती परत येणार नाही हे डॉक्टरांनी फिरवून फिरवून सांगितलं. बंगळूरहून मुलगी निघाली होती. दुपारची भेटायची वेळ, चीफ कॉटशेजारी स्टुलावर, मी पायथ्याशी. तिने नाकावरची ऑक्सिजनची नळी जरा सरकवली.

"काय हो," ती म्हणाली. आवाज नव्हताच, ओठांवरूनच समजून घ्यायचं. "आलं का गोडं?"

"खारंच येतंय अजून."

"कारण?"

चीफ तिच्या कपाळावरचे केस मागे सारत होते. "नाही सापडलं," ते म्हणाले. "सगळं बघितलं. नाहीच सापडत."

"असू दे," ती म्हणाली. मग त्यांच्या खांद्यावरून तिने माझ्याकडे बघितलं. त्या सुजलेल्या चेहऱ्यावर मला इतकं मिश्कील समाधान दिसलं, की 'बघ, जमवलं की नाही मी' असं ती मोठ्याने म्हणाली असती तरी जास्त स्पष्ट झालं नसतं. मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? चीफची पाठ माझ्याकडे होती. दुसऱ्या हाताने त्यांनी कॉटचा दांडा घट्ट धरला होता.

मुलगी पोचली त्या संध्याकाळी शैला गेली.

भेटायला येणारे विचारायचे, "कशाने हो एवढ्यात?" चीफ प्रत्येकाला शांतपणे सांगायचे, "बीपीचा त्रास होता. लक्षात आलं नाही." मुलीलाही त्यांनी तेच सांगितलं. कमी अक्षरांत खरं लिहिणारा तो माणूस हे लांबलचक खोटं एकाही जागी न अडखळता बोलायला शिकला होता. मी तिथे बसलेली असले की माझ्याकडे बघायचे मात्र नाहीत.

बोट कोकणातल्या एका माणसाने नेली. चीफनी माझ्या माळ्यावरचं न उघडलेलं खोकं मागून घेतलं आणि त्याच्या हातात दिलं. "नवा पडदा आहे. नळाचं पाणी लावू नका. बाकी मशीन चांगलं आहे." तो म्हणाला, तुम्ही एकदा जोडून, चालवून दाखवता का? चीफ नाही म्हणाले. ट्रेलर फाटकातून बाहेर पडला तेव्हा ते जिन्याने वर निघाले होते. पुढच्या महिन्यात मुलगी त्यांना बंगळूरला घेऊन गेली.

दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. सोसायटीचं पाणी कसं येतं, चेंबर साफ केलं का, लिफ्टचं कुठवर आलं. माझेही गुडघे आता बोलायला लागले आहेत. त्याबद्दल विचारतात, आणि गोळी घेत नाही ना, असं दरडावून विचारतात. नाही घेत, मी सांगते. खरंच घेत नाही, कळवळत जिना चढते. फोन ठेवण्याआधी काय येणार हे मला ठाऊक असतं. इतके रविवार झाले तरी त्यांचा तो प्रश्न चुकलेला नाही.

"बाई, तिला कळलं नव्हतं ना? मला कळलंय ते?"

"नव्हतं," मी सांगते. "शेवटपर्यंत नव्हतं."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणते, आणि ते पुढच्या रविवारपर्यंत फोन ठेवतात.